पाळीव मांजरातील मलावरोध : ओळख, उपचार व प्रतिबंध

तापी नदीच्या उत्तर तीरावर वसलेले बुऱ्हाणपूर हे सूत, यंत्रमाग व केळी यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असल्यामुळे येथे व आसपासच्या खेड्यांत मराठी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. धान्याची कोठी असो, सुताच्या गाठींची खोली असो वा किराण्याचे दुकान असो, उंदरांचा उपद्रव सर्वत्रच असतो व त्यासाठी मांजर पाळण्याची रीतही जुनीच आहे. अलीकडे शहरांतून केवळ हौसेने, क्वचित लांब केसांची पर्शियन मांजरेही पाळली जातात.

गाय किंवा म्हैस आजारी पडली की शेतकरी त्वरित पशुवैद्याकडे धाव घेतो. मांजराच्या बाबतीत मात्र असे सहसा घडत नाही. मांजर आपले दुखणे लपविते, कोपऱ्यात जाऊन बसते आणि घरातील मंडळींच्या लक्षात येईपर्यंत पुष्कळदा दोन-चार दिवस निघून गेलेले असतात. मलावरोध, म्हणजेच बद्धकोष्ठ, हा अशाच दुर्लक्षित विकारांपैकी एक होय. हा विकार आरंभी साधा असतो व आहार, पाणी आणि स्वच्छता यांत योग्य तो बदल केल्यास बहुधा आटोक्यात येतो. परंतु त्याच्यासारखीच बाह्य लक्षणे असणारा मूत्रावरोध हा दुसरा विकार दोन-तीन दिवसांत मांजराचा प्राण घेऊ शकतो. यास्तव उपचार कोणता करावा याचा विचार करण्यापूर्वी मांजराचे नेमके काय अडले आहे, याची खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे. या लेखात या दोन्ही गोष्टींचा क्रमाने विचार केला आहे.

मांजर व पाणी

आजच्या पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशात राहणारे रानमांजर होत. शेतीचा आरंभ झाल्यानंतर, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, धान्याच्या साठ्यांवर येणाऱ्या उंदरांच्या मागे हे रानमांजर मनुष्यवस्तीत आले, असे मानले जाते. कोरड्या प्रदेशातील या जीवनाचा ठसा मांजराच्या शरीरावर अद्यापि कायम आहे. त्याचे मूत्रपिंड अल्प पाण्यात अतिशय घट्ट मूत्र तयार करू शकते आणि त्याला तहानेची जाणीव कुत्र्याच्या मानाने उशिरा होते.

रानात मांजराला ही उणीव भासत नाही, कारण त्याचे भक्ष्यच पाणीदार असते. उंदराच्या शरीरात वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणी असते. शिकार खाल्ली की पाण्याची बरीचशी गरज परस्पर भागते. घरात मात्र मांजराला पोळीचे कुसकरलेले तुकडे किंवा दुकानातील कोरडे दाणेदार खाद्य मिळते. अशा दाणेदार खाद्यात पाण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या आतच असते. अन्न कोरडे झाले तरी मांजराची तहान त्या प्रमाणात वाढत नाही. बुऱ्हाणपूरकडे एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४२ अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा दिवसांत पाण्याची ही तूट अधिकच जाणवते.

मांजराला दररोज शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ५० मिलिलिटर पाणी लागते. यात अन्नातून मिळणारे पाणीही धरलेले आहे. म्हणजे चार किलोग्रॅम वजनाच्या मांजराला दिवसाकाठी अंदाजे २०० मिलिलिटर पाण्याची आवश्यकता असते. शंभर ग्रॅम उकडलेल्या कोंबडीच्या मांसातून सुमारे ६० ते ६५ मिलिलिटर पाणी मिळते. तितकेच कोरडे खाद्य दिल्यास त्यातून जेमतेम दहा मिलिलिटर मिळते. मलावरोधाचे मूळ पुष्कळदा या फरकातच आढळते.

मलावरोध म्हणजे काय ?

लहान आतड्यातून आलेला पातळ अन्नशेष मोठ्या आतड्यात पोहोचतो. मोठे आतडे त्यातील पाणी व क्षार शोषून घेते आणि उरलेला मल पुढे सरकवून गुदद्वाराकडे नेते. मल आतड्यात जितका अधिक काळ राहील तितके त्यातील पाणी अधिक शोषले जाते व तो कठीण होतो. कठीण मल बाहेर टाकताना वेदना होतात. वेदनेच्या भीतीने मांजर शौचास जाणे टाळते. टाळल्यामुळे मल आणखी कठीण होतो. असे हे दुष्टचक्र आहे. उपचार लवकर का करावेत, याचे उत्तर या चक्रातच सापडते.

निरोगी मांजर साधारणपणे दिवसातून एकदा, किंवा फार तर दीड दिवसातून एकदा, शौच करते. मल घडीव, गडद तपकिरी व किंचित ओलसर असतो. टाकल्यावर त्याला वाळूचे कण चिकटतात. मलावरोधात तो लहान, कोरड्या, कठीण खड्यांच्या रूपाने पडतो व त्यास वाळू चिकटत नाही. पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे :

(१) मांजर पुनःपुन्हा शौचाच्या जागी जाते, बराच वेळ कुंथते आणि काही न होता परत येते.
(२) कुंथताना ओरडते, किंवा शौचाच्या जागेबाहेर जमिनीवर बसते.
(३) भूक मंदावते, अंगाची चाटून स्वच्छता करणे कमी होते व मांजर एकांतात पडून राहते.
(४) कुंथताना किंवा त्यानंतर उलटी होते.
(५) पोट ताठ लागते व हात लावू देत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावी. कधीकधी अडकलेल्या कठीण मलाच्या कडेने थोडासा पातळ, चिकट द्रव बाहेर पडतो. त्यास हगवण समजून हगवण थांबविण्याचे औषध दिल्यास मलावरोध अधिकच बळावतो.

प्रथम खात्री करावी : मल अडला की मूत्र ?

कुंथणारे मांजर पाहिल्यावर ‘पोट साफ होत नाही’ असा समज घरात सहज होतो. प्रत्यक्षात ते मांजर मूत्रासाठी कुंथत असण्याचा संभव असतो. दोन्ही वेळी मांजराची बसण्याची ढब इतकी सारखी असते की केवळ दुरून पाहून भेद सांगता येत नाही. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. तिच्यात बारीक खडे किंवा चिकट पदार्थाचे बूच बसल्यास मूत्र पूर्णपणे अडते. अशा वेळी शरीरातील विषारी द्रव्ये रक्तात साचतात, पोटॅशियमचे प्रमाण वाढून हृदयाची गती बिघडते आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवतो.

उदाहरणादाखल एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. बोका सकाळपासून चार-पाच वेळा वाळूत जाऊन बसला आहे. घरातील ज्येष्ठ मंडळी ‘कोठा जड झाला’ म्हणून त्याला चमचाभर एरंडेल पाजतात आणि उद्यापर्यंत वाट पाहण्याचे ठरवितात. दुसऱ्या दिवशी बोका उलट्या करतो व निपचित पडतो. त्याचे पोट साफच होते आणि अडले होते ते मूत्र. एरंडेलाने लाभ तर झाला नाहीच, उलट उपचाराचा मोलाचा दिवस वाया गेला. असा प्रसंग कोणत्याही घरात येऊ शकतो. म्हणून पुढील गोष्टी त्वरित पाहाव्यात :

(१) वाळूत ओला गोळा किंवा ओलसर डाग दिसतो काय ? दिसत नसल्यास जुनी वाळू काढून कोरडी, स्वच्छ वाळू भरावी व मांजरास त्याच खोलीत ठेवून लक्ष ठेवावे.
(२) मूत्र थेंबथेंब किंवा रक्तमिश्रित पडते काय ?
(३) बोका आपले मूत्रेंद्रिय सारखे चाटतो काय ?
(४) मांजराने शेवटचे मूत्रविसर्जन केव्हा केले हे घरातील कोणास ठाऊक आहे काय ?

कुंथणाऱ्या बोक्याने मूत्र केल्याची खात्री होत नसेल, तर वाट न पाहता, रात्र असली तरी, त्यास पशुवैद्याकडे न्यावे. पोट दाबून मूत्र काढण्याचा प्रयत्न घरी करू नये. ताणलेले मूत्राशय फुटण्याचा धोका असतो. मूत्र नीट होत आहे याची खात्री पटल्यानंतरच मलावरोधाचा पुढील विचार करावा.

मलावरोधाची कारणे

१. पाण्याची कमतरता — याचे विवेचन वर आलेच आहे. उन्हाळा, उलट्या, ताप, तसेच वृद्ध मांजरांतील मूत्रपिंडाचा जुनाट विकार यांमुळे शरीरातील पाणी कमी होते व मल कोरडा पडतो.

२. शौचाची अस्वच्छ जागा — मांजर स्वभावतः स्वच्छताप्रिय आहे. वाळू घाण असल्यास, भांडे रहदारीच्या जागी असल्यास, किंवा घरातील कुत्रा वा दुसरे मांजर तेथे अडवीत असल्यास ते शौच रोखून धरते. यंत्रमागाच्या खडखडाटाशेजारी ठेवलेले भांडेही या कारणास्तव अयोग्य होय.

३. केस — मांजर अंग चाटताना केस गिळते. लांब केसांच्या जातींत व केस गळण्याच्या दिवसांत त्यांचे प्रमाण वाढते आणि मलात केसांचे घट्ट गोळे तयार होतात.

४. सूत, दोरा व हाडे — बुऱ्हाणपूरसारख्या मागांच्या गावी या कारणाचा विशेष विचार करावा लागतो. बॉबिनवरील सुताशी खेळताना मांजर ते गिळते. त्याच्या जिभेवरील काटे घशाकडे वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेला धागा त्यास सहजी बाहेर टाकता येत नाही. धाग्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते व उरलेला धागा आतड्यात उतरतो. आतडे धाग्यावर चुण्या पडल्याप्रमाणे गोळा होते आणि काही वेळा धाग्याने कापलेही जाते. संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांज्यापासूनही असाच धोका असतो. शिजवलेल्या कोंबडीची व माशांची हाडेही आतड्यात अडकतात.

५. वेदना — जुन्या अपघातात मोडलेले व वाकडे जुळलेले कटीचे हाड मलमार्ग अरुंद करते. गुदद्वाराजवळील गळू, चाव्याची जखम, म्हातारपणातील सांधेदुखी यांमुळे मांजरास शौचाच्या पवित्र्यात बसणे कठीण जाते.

६. इतर — स्थूलपणा, हालचालीचा अभाव, मज्जातंतूंची इजा, रक्तातील पोटॅशियम कमी होणे, तसेच काही औषधांचा परिणाम.

घरी करावयाचे उपाय

मांजर चपळ आहे, खात-पीत आहे, उलटी करीत नाही, मूत्र नीट होत आहे आणि केवळ एक-दोन दिवस मल कठीण येत आहे, अशा सौम्य अवस्थेतच पुढील उपाय करावेत.

पाणी वाढवावे. घरात दोन-तीन ठिकाणी रुंद तोंडाच्या मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यांत ताजे पाणी ठेवावे. भांडे अन्नापासून व शौचाच्या जागेपासून दूर असावे. पाणी दिवसातून निदान दोनदा बदलावे. काही मांजरांना वाहते पाणी आवडते. त्यांना नळाच्या बारीक धारेखाली पिऊ द्यावे.

अन्न ओले करावे. कोरड्या खाद्यात कोमट पाणी मिसळून ते पंधरा मिनिटे भिजू द्यावे. हाडे काढलेले उकडलेले मांस किंवा मासे त्यांच्या पाण्यासह द्यावेत. मात्र त्यात मीठ, मसाला, कांदा व लसूण नसावा. कांदा-लसणामुळे मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. ओले अन्न उन्हाळ्यात लवकर नासते, म्हणून उरलेले अन्न तासाभरात काढून टाकावे.

चोथ्याचा माफक उपयोग करावा. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात पिकणारा इसबगोल मांजरासही उपयोगी पडतो. पाव चहाचा चमचा इसबगोलाची भुशी दोन-तीन मोठे चमचे पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवावी व ओल्या अन्नात कालवून द्यावी. कोरडी भुशी कदापि देऊ नये. उकडून कुस्करलेला लाल भोपळा एक-दोन चहाचे चमचे इतका अन्नात मिसळता येतो. इसबगोल शरीरातील पाणी धरून फुगतो. म्हणून ज्या मांजराच्या अंगात पाणी कमी आहे किंवा ज्याच्या आतड्यात मलाचा घट्ट गोळा आधीच अडकला आहे, त्यास तो देऊ नये. त्यामुळे अडथळा वाढतो.

हालचाल घडवावी. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खेळविल्यास आतड्यांच्या हालचालीस मदत होते. खेळण्यासाठी सुताचा गुंडा न देता कापडाचा घट्ट शिवलेला चेंडू द्यावा. लांब केसांचे मांजर असल्यास दररोज केस विंचरावेत.

या उपायांनी दोन दिवसांत फरक न पडल्यास घरगुती प्रयोग थांबवून पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

काय करू नये ?

१. लंघन घडवू नये. माणसाचे पोट बिघडल्यास लंघन करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मांजर, विशेषतः स्थूल मांजर, काही दिवस उपाशी राहिल्यास त्याच्या यकृतात चरबी साचून गंभीर आजार होतो.

२. तेल, तूप, एरंडेल किंवा पातळ पॅराफिन तोंडात ओतू नये. असे पदार्थ श्वासनलिकेत शिरून फुप्फुसाचा दाह उत्पन्न करतात. एरंडेलाने आतड्यांत कळा येतात व अंगातील पाणी आणखी घटते.

३. साबणाची वडी, विड्याच्या पानाचा देठ किंवा अन्य वस्तू गुदद्वारात घालू नये. मांजराच्या गुदमार्गाची आतील त्वचा अतिशय नाजूक असते.

४. माणसांसाठी मिळणारे फॉस्फेटयुक्त एनिमा मांजरास देऊ नयेत. त्यांतील फॉस्फेट रक्तात शोषले जाऊन कॅल्शियम एकाएकी घटते, झटके येतात व मृत्यूही संभवतो.

५. वेदना होतात म्हणून पॅरासिटामॉल देऊ नये. या औषधाचे विष पचविण्याची शक्ती मांजराच्या यकृतात नाही. माणसाची एक गोळीदेखील त्यास प्राणघातक ठरू शकते.

६. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबत असल्यास तो ओढू नये. ओढल्याने आतडे कापले जाते. मांजरास तसेच पशुवैद्याकडे न्यावे.

७. दूध हे औषध समजू नये. पुष्कळ प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही. त्यामुळे होणाऱ्या जुलाबास कोठा साफ झाला असे म्हणता येत नाही, कारण त्यात शरीरातील पाणी वाया जाते. दूध-पोळीवर मांजराचे पोषणही होत नाही. मांजर मांसाहारी प्राणी आहे व टॉरीन नावाचे आवश्यक द्रव्य त्यास प्राणिज अन्नातूनच मिळते. ते न मिळाल्यास दृष्टी व हृदय यांवर परिणाम होतो.

पशुवैद्याकडे केव्हा न्यावे ?

दोन दिवसांहून अधिक काळ शौच न झाल्यास, मांजर दिवसभर काही न खाल्ल्यास, वारंवार उलटी झाल्यास, मलात रक्त दिसल्यास, धागा वा हाड गिळल्याची शंका असल्यास, किंवा मानेवरील कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर लगेच पूर्ववत न झाल्यास विलंब करू नये. वृद्ध मांजर, लहान पिल्लू व गाभण मांजर यांच्या बाबतीत याहूनही लवकर जावे.

नेताना मांजरास झाकणाच्या टोपलीत किंवा भोके पाडलेल्या मजबूत खोक्यात ठेवावे व उन्हाच्या वेळी ओले फडके खोक्यावर टाकावे. पशुवैद्याला पुढील माहिती सांगावी : मांजराचे वय, शेवटचे शौच व मूत्र केव्हा झाले, आहार कोणता, यापूर्वी अपघात झाला होता काय, आणि घरी कोणते औषध दिले. घरी दिलेले औषध संकोचाने लपविल्यास उपचारात चूक होण्याचा संभव असतो. मध्य प्रदेशात २०२३ सालापासून १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकांची सेवा सुरू झाली आहे. मांजरासाठी ही सेवा तेव्हा व तेथे मिळू शकेल काय, याची चौकशी त्या क्रमांकावर करावी. मूत्र अडल्याची शंका असल्यास मात्र पथकाची वाट पाहत न बसता जवळच्या पशुचिकित्सालयात जावे.

पशुवैद्य प्रथम पोट चाचपून व आवश्यक तर क्ष-किरण चित्र घेऊन मल किती व कोठे साचला आहे हे पाहतात. शरीरातील पाण्याची तूट शिरेवाटे किंवा कातडीखाली क्षारयुक्त द्रव देऊन भरून काढली जाते. त्यानंतर कोमट पाण्याचा किंवा क्षारद्रवाचा एनिमा सावकाश दिला जातो. मल फारच घट्ट असल्यास मांजरास भूल देऊन तो हाताने काढावा लागतो. पुढील काळासाठी लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांसारखी, मलात पाणी धरून ठेवणारी औषधे दिली जातात. ही औषधे माणसांच्या दुकानातही मिळतात. परंतु मांजराचे प्रमाण त्याच्या वजनावर व मलाच्या स्वरूपावर ठरते. म्हणून ते पशुवैद्यानेच ठरवावे.

जुनाट विकार

मलावरोध वारंवार होऊन महिनोन्महिने राहिल्यास मोठे आतडे सतत ताणलेले राहते. त्याचे स्नायू शिथिल होतात व अखेरीस ते मल पुढे ढकलू शकत नाही. क्ष-किरण चित्रात अशा आतड्याची रुंदी मांजराच्या कमरेच्या पाचव्या मणक्याच्या लांबीच्या सुमारे दीडपटीहून अधिक दिसते. ही अवस्था औषधांनी आटोक्यात ठेवता येते, परंतु उपचार बहुधा जन्मभर करावे लागतात. औषधांना दाद न मिळाल्यास मोठ्या आतड्याचा शिथिल भाग शस्त्रक्रियेने काढून टाकतात. अशी शस्त्रक्रिया सर्वत्र होत नाही. इंदूरजवळील महू येथे १९५५ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तर महाराष्ट्रात अकोला येथे पशुवैद्यक शास्त्राची स्नातकोत्तर संस्था आहे. स्थानिक पशुवैद्याच्या सल्ल्याने अशा मोठ्या संस्थांत आधी चौकशी करून मग प्रवास करावा. आरंभीच पाणी व स्वच्छता यांकडे लक्ष दिल्यास बहुतेक मांजरांवर ही पाळी येत नाही.

प्रतिबंध

मातीच्या किंवा पत्र्याच्या पसरट घमेल्यात दोन-तीन इंच जाडीचा कोरड्या, बारीक वाळूचा थर घालावा. घमेले शांत व आडोशाच्या जागी असावे. जितकी मांजरे असतील त्याहून एक घमेले अधिक ठेवावे. वृद्ध मांजरासाठी कमी उंचीच्या काठाचे भांडे निवडावे. मल दररोज काढावा व आठवड्यातून एकदा सर्व वाळू बदलून घमेले साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. फिनाईल वापरू नये. त्याचा वास मांजरास नकोसा वाटतो व ते त्यास विषारीही आहे.

यंत्रमाग असलेल्या घरांत सुताची व बॉबिनची खोली मांजरासाठी बंद ठेवावी आणि तुटलेले धागे दिवसाअखेर झाडून झाकणाच्या डब्यात टाकावेत. शिवणकामाच्या सुया, दोरे व रबराच्या पट्ट्याही उघड्यावर ठेवू नयेत.

उन्हाळ्यात पाण्याची भांडी सावलीत ठेवावीत व त्यांची संख्या वाढवावी. पावसाळ्यात वाळू दमट राहते व मांजर ती टाळते. यासाठी कोरड्या वाळूचा एक डबा आधीच भरून ठेवावा. हिवाळ्यात मांजर पाणी कमी पिते, म्हणून अन्नात कोमट पाणी मिसळावे.

घरातील माणसांची काळजी

मांजराच्या मलातून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परोपजीवीचा संसर्ग होऊ शकतो. हा परोपजीवी मलावाटे बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास निदान एक दिवस लागतो. त्यामुळे दररोज मल काढण्याने मांजराबरोबर माणसाचेही रक्षण होते. गरोदर स्त्रियांनी हे काम करू नये. घरातील इतरांनी ते करावे व नंतर हात साबणाने धुवावेत. काढलेला मल पाण्याच्या साठ्याजवळ किंवा भाजीपाल्याच्या वाफ्यात टाकू नये.

वेदना होत असलेले मांजर मायाळू असले तरी चावते वा ओरखडते. त्यास उचलताना जाड टॉवेलमध्ये गुंडाळावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व रेबीजप्रतिबंधक लसीसाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. मांजरासही रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी.

शिक्षक व ग्रामपंचायतींचे कार्य

ज्या घरी मांजर आहे तेथे त्याची निगा बहुधा मुलेच राखतात. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला पचनसंस्थेचा पाठ शिकविताना या विषयाची जोड द्यावी. मांजर पाळणाऱ्या विद्यार्थ्यांना एका आठवड्याचा तक्ता करण्यास सांगावे. त्यात तारीख, दिलेले अन्न, पाण्याची भांडी किती वेळा भरली, मूत्र झाले की नाही आणि मलाचे स्वरूप अशी पाच घरे असावीत. घमेले साफ करण्याचे काम मोठ्या माणसांनी करावे, मुलांनी केवळ नोंद ठेवावी. या तक्त्यामुळे निरीक्षणाची सवय लागते व मांजर आजारी पडल्यास पशुवैद्याला नेमकी माहिती मिळते. पंचायतीच्या सूचनाफलकावर जवळच्या पशुचिकित्सालयाचा पत्ता, वेळ व १९६२ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवल्यास गुरांप्रमाणेच मांजर-कुत्र्यांनाही त्याचा लाभ होईल.

समारोप

बुऱ्हाणपुरात १६१५ सालाच्या सुमारास बांधलेली कुंडी भंडाऱ्याची भूमिगत पाणीव्यवस्था आजही पाहावयास मिळते. कोरड्या दिवसांत शहराला पाणी मिळावे म्हणून तेव्हाच्या लोकांनी डोंगरातून झिरपणारे पाणी भूमीखालून वाहून आणले. मांजराच्या निगेसाठी एवढ्या खटाटोपाची गरज नाही. दोन-तीन ठिकाणी ताजे पाणी, ओले व साजेसे अन्न, स्वच्छ कोरडी वाळू आणि दररोज क्षणभर निरीक्षण एवढ्यानेच मलावरोधाचे बरेचसे प्रसंग टळतात.

तरीही मांजर कुंथताना दिसल्यास प्रथम मूत्र होत आहे काय हे पाहावे. मूत्र अडल्याची शंका असेल तर तत्काळ पशुवैद्य गाठावा. मूत्र नीट असेल तर पाणी व आहार सुधारून दोन दिवस लक्ष ठेवावे. घरातील जुनी औषधे, तेले व गोळ्या यांपासून मांजरास दूर ठेवावे. मांजरास आपले दुखणे बोलून सांगता येत नाही. त्याच्या वाळूच्या घमेल्यात मात्र ते दररोज दिसते व ते पाहण्याची जबाबदारी घरातील माणसांची आहे.